चौकटीबाहेरची नऊ मतं

खंडाळ्याच्या तालुका कचेरीत त्या दिवशी आप्पांची मतं मोजायची होती. आप्पा म्हणजे माझे वडील... मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले आणि ग्रामपंचायतीच्या एका रिकाम्या जागेसाठी उभे राहिलेले. मी एकवीस वर्षांचा, मोजणीच्या टेबलाशी त्यांचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. लोणंदजवळच्या आमच्या गावात गट दोनच, वरचा आणि खालचा. माणूस यातल्या एकात नाहीतर दुसऱ्यात जन्माला यायचा... आणि आप्पा उभे राहिले तिसरे. लोकांना करमणूकच झाली. गिरणीपाशी कुणीतरी रोज विचारायचं, "हवालदार, फौज कुठं हाय तुमची?" आप्पा हसून पुढं जायचे. माझं मात्र डोकं फिरायचं.

त्यांना खुर्ची नको होती. सार्वजनिक विहीर मंजूर झाली होती आणि ती कुठं खोदायची हे पंचायतीत ठरणार होतं. दोन्ही गटांचे पंच संख्येनं सारखेच, त्यामुळं सगळं या एका जागेवर अडलेलं. गट कोणताही जिंकला असता तरी विहीर गावातच होणार होती. आप्पांना ती आमच्या वस्तीवर हवी होती.

वस्ती गावापासून दीड मैल लांब, बहुतेक घरं मेंढरंवाल्यांची. बाप्ये मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले, मागं बायका आणि म्हातारी माणसं. ओढ्यात झरा उकरायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची... माझी आईसुद्धा त्यातच. आप्पांचं सगळं गणित या बायकांच्या मतांवर होतं.

त्यांना मतदान शिकवायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात मॅट्रिक झालेला मी एकटाच. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी तीन चौकटी आखल्या. आप्पांचं नाव यादीत शेवटचं, म्हणून सगळ्यात खालच्या चौकटीत त्यांची निशाणी काढली... दिवा. दोऱ्याचं रिकामं रीळ शाईत बुडवलं की झाला ठसा.

पहिली आई पुढं आली. तिनं रीळ दिव्यावर नेलं, थांबली, आणि दिव्याच्या खाली, चौकटीबाहेरच्या कोऱ्या जागेत हलकेच टेकवलं. देवापुढं फूल ठेवावं तसं. मागच्या सगळ्याजणींनी तसंच केलं. एक म्हातारी मला म्हणाली, "दिव्यावर काळं कसं फासू रं? पायाशी ठिवती."

मला हसू आलं. त्यात प्रचाराच्या भिंती रंगवायला जायची घाई. मी म्हणालो, "बरं, दिव्याजवळ मारा म्हंजी झालं."

एवढंच बोललो मी.

आप्पा पाच मतांनी पडले. बाद झालेल्या मतपत्रिका अधिकाऱ्यांनी आमच्यापुढं एकेक करून ठेवल्या. त्यातल्या नऊ अगदी सारख्या होत्या... दिव्याच्या बरोबर खाली, कोऱ्या पट्टीवर ठसा. एकही वाकडा नाही. अधिकारी भला माणूस होता. त्यानं नियम दोनदा वाचून पाहिला, पण ठसा कुणाच्याच चौकटीत नव्हता.

आप्पांनी त्या नऊ कागदांकडं बराच वेळ पाहिलं आणि सही केली. मला त्यांच्याकडं बघवेना.

एसटी स्टँडवर मी सगळं सांगून टाकलं. पुठ्ठ्याचं, रिळाचं, माझ्या घाईचं. मला वाटलं होतं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं... आप्पा नुसते म्हणाले, "वस्तीवर ह्यातलं काय बोलायचं न्हाई. त्या बायकांस्नी कळलं तर जल्मभर जिवाला लावून घेतील."

मी विचारलं, मग सांगायचं काय? म्हणाले, "मी बघतो."

वस्तीवर बायका वाट बघत उभ्या होत्या. आप्पा त्यांना म्हणाले, "तुमची समदी मतं पडली बाया. गावानं न्हाई दिली." आईनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग सगळ्यांनी मिळून गावाला मनसोक्त शिव्या घातल्या. आप्पा मान खाली घालून ऐकत राहिले.

विहीर वरच्या आळीत झाली. आई पुढची सोळा वर्षं ओढ्यावर गेली, आणि प्रत्येक खेपेला घागर उतरवताना म्हणायची, आम्ही दिलं, गावानं नाही दिलं. आप्पा ओट्यावर असले तर उठून गोठ्याकडं जायचे. गिरणीपाशी चेष्टा चालूच राहिली, हवालदाराची फौज पळाली म्हणून. एका वाक्यात ती त्यांना थांबवता आली असती. ते वाक्य ते बोलले नाहीत, आणि पुन्हा कधी उभेही राहिले नाहीत.

वस्तीवर नळ आला तेव्हा आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आईनं पहिली घागर भरली, त्यांच्या फोटोपुढं ठेवली आणि मला म्हणाली, "त्यांला आमी दिल्यालं मत वाया न्हाई गेलं बघ."

मी "व्हय" म्हणालो.

आता आई नाही. त्या नऊजणींतली एकही राहिली नाही, म्हणून आज हे लिहितोय. आप्पा, तुमचा शब्द मी पाळला. पण त्या बायका तुमच्यामागं उभ्या होत्या, सगळ्या, हे गावाला एकदा तरी कळायला हवं होतं.