एकट्याचा फोटो

आमची सून सुचिता माणसं मेल्यावर त्यांना कोट घालते.

म्हणजे फोटोत. आमच्या कोळीवाड्यात जिवंतपणी एकट्याचा फोटो काढून ठेवायची सवय कुणाला नाही. माणूस गेला की घरचे कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येतात. "ह्यो बघ, डावीकडून तिसरा, डोकं खाजवतोय तो." मग सुचिता त्याला कॉम्प्युटरवर घोळक्यातून उचलते, डोक्यावरचा हात काढून टाकते, मागं निळं आभाळ लावते नि तयार काळा कोट चढवते. गावातल्या निम्म्या भिंतींवर तो एकच कोट आहे. ज्यांनी जन्मभर बनियनवर जाळी ओढली, ते सगळे मेल्यावर वकील दिसतात.

ती करंजाची. तिच्या मामाचा उरणला स्टुडिओ होता. न्हावा शेव्याला कामाला लागणाऱ्या पोरांचे पासाचे फोटो काढून काढून तिचा हात बसला. लग्न होऊन आली तेव्हा सोबत कॅमेऱ्याची पेटी घेऊन आली, नि मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या विनेशनं मात्र पडवीला शटर बसवून दिलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

तिचं मन जित्या माणसांत. बाजारात दोघी कोळणी भांडायला लागल्या की मी मधे पडायची, नि ही उभी राहून त्यांच्या तोंडावरचा उजेड बघायची. एकदा मला म्हणाली, "आई, सगळे माझ्याकडं मेल्यावरच का येतात?" मी म्हटलं, "जित्तेपणी कुणाला वेळ हाय गो?"

आता तर मोबाईल आले. पासपोर्टचे फोटोसुद्धा लोक रेवदंड्याला जाऊन काढायचे. विनेशनं अलिबागला एका रिसॉर्टच्या काउंटरवर तिच्यासाठी जागा बघितली, शिमग्यानंतर यायचं म्हणून. पडवीचं शटर चिकन सेंटरवाल्याला द्यायचं ठरलं. तो येऊन टेप लावून मापं पण घेऊन गेला.

अशात गणराज आला. आमच्या गावच्या बेंजो पथकाचा हा म्होरक्या, कामाला कमी नि गळ्यात चेन जास्त. पुण्याला कसलासा लोककलांचा मेळा होता, त्यात पथकाची निवड झालेली. सात पोरं. प्रत्येकाचा एकट्याचा फोटो, हातात वाद्य, पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा. फोटो पसंत पडले तर पार दिवेआगरपर्यंतच्या सगळ्या पथकांचे फोटो मेळ्यावाले तिच्याकडूनच काढून घेणार.

सुचितानं विनेशला तोंडावर सांगितलं, "हे सात फोटो नीट गेले तर शटर माझं. नाही गेले, तर मी काउंटरवर."

रविवारी सकाळी सातही पोरं आली. सातही गॉगल लावून. सुचितानं पडदा बदलला, छत्रीचा लाइट लावला नि म्हणाली, "एकेक जण या."

एकही हलेना. "काकू, आमी सगळे एकत्र उभे ऱ्हातो, तू मग काप." कापाकापीचा तिला आधीच कंटाळा. बरं, एकाला ओढून बसवला, तर ताशावाल्याला मांडीवर बेंजो हवा. ढोलवाल्याला पण बेंजो हवा. खुळखुळेवाला म्हणाला, "खुळखुळा हातात घेऊन मी बारशातलं पोर दिसन."

"तू वाजवतोस काय?" सुचिता ओरडली.

"खुळखुळा."

"मग तोच घे!"

तेवढ्यात एकेकाचे फोन वाजायला लागले. सगळ्यांच्या आया. पोरं कोपऱ्यात जाऊन, "व्हय आये, न्हाय काढला, न्हाय बसलो," असं कुजबुजत होती. दुपारपर्यंत एक फोटो झाला नाही. शेवटी सुचितानं गणराजला धरलं. "खरं सांग, काय प्रकार आहे?"

तो माझ्याकडं बघत म्हणाला, "आजीला इचारा. तीच बोलली ना, आमच्या सुनेसमोर एकटा बसला तो वर्षाच्या आत भिंतीवर चढतो."



बोलले होते मी. दहा वर्षं झाली असतील. त्या साली गावातल्या दोघा म्हाताऱ्यांनी बँकेसाठी म्हणून तिच्याकडं एकट्याचे फोटो काढले, नि दोघं त्याच साली गेले. एक दम्यानं, एक दारूनं. वाळवणावर बायकांनी विचारलं, सुनेचा धंदा कसा काय? मी आपली गंमत केली. बायका इतक्या हसल्या की मी ते दोनदा बोलले. गंमत माझी, पण ती घरोघरी जाऊन बसली. लोक पासपोर्टच्या फोटोला रेवदंड्याला का जातात, ते मला त्या दिवशी कळलं.

सुचितानं फडकं उचललं. लेन्स पुसत राहिली. पुसून स्वच्छ झाली तरी पुसत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी उठले, पदर नीट केला नि जाऊन स्टुलावर बसले. "मला काढ. एकटीला. दे रे तो ताशा."

"आजी, तुझं काय, तुझा फोटो तयार लागनारच हाय," एक पोरगं बोललं नि सगळी खिदळली. पण त्या हसण्यात जरा भीड चेपली. मी ताशा मांडीवर घेऊन दोन काड्या हाणल्या. इतका बेसूर वाजला की ताशावाल्याला राहवलं नाही, त्यानं येऊन काढून घेतला. "असा न्हाय गो!" नि तो वाजवायला लागला. मला सुचितानं आधीच टिपलं होतं, तेवढ्यात त्यालाही टिपला. गॉगल कपाळावर, जीभ दातात. मंगळवारपर्यंत असे सहा झाले. दोघांच्या आया येऊन माझ्याशी भांडून गेल्या, ते वेगळं.

राहिला केतन. बेंजो वाजवणारा तो. त्याच्याशिवाय पथक म्हणजे बांगड्याशिवाय कालवण. पण त्याची आई येसूबाई काही केल्या सोडेना. तिचा नवरा सदा सात वर्षांपूर्वी बोटीवरून गेला तो परत आलाच नाही. त्याला पण आमच्या सुनेनंच कोट घातला होता.

घाण मी केली होती, म्हणून मीच गेले. येसू वाळवायच्या दोरीवर, वलांडीवर, बोंबील टांगत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे नि जोडी दोरीवर टाकायची, असं तिचं भराभर चाललेलं. मी म्हटलं, "येसू, तो माझा चावटपणा होता गो. पोराला पाठव."

ती हात न थांबवता म्हणाली, "नीराकाकी, बोंबील पन आपुन एकटा टांगत न्हाय. नि तुझी सून माझ्या पोराला एकटा टांगनार?"

मी तिच्या टोपलीतले बोंबील उचलून जोड्या लावायला लागले. टोपली निम्मी झाल्यावर तीच बोलली. "आनि तो कोट. सदानं सोताच्या लग्नात कोट घातला न्हवता. भिंतीवर कोन हाय, मला अजून कळला न्हाय. हात कुठं हायत त्याचं? उजव्या हाताचं बोट दोरात अर्धं गेलेलं, त्याच्यावरनं मी काळोखात त्याला वळखायची. तुझ्या सुनेनं छातीपाशी कापला त्याला."

घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. सुचिता जेवता जेवता थांबली. म्हणाली, "खरं आहे. मी आजवर एकाचे पण हात ठेवले नाहीत."

शनिवारी तीन वाजता ती कॅमेरा घेऊन येसूच्या ओट्यावर गेली. मी मागं. समजूत वगैरे काढली नाही तिनं. एवढंच म्हणाली, "येसूवैनी, तुम्ही सांगा कसा काढू. हात दिसतील."

येसूनं हात पुसले. मग आत जाऊन केतनचा कॉलर नसलेला रोजचा शर्ट आणला. बाह्या तिनंच वर सारल्या. "पन मी बाजूला बसनार. फोटोत आले न्हाय तरी चालंल, पोरगा एकटा नको."

तरी त्रास संपला नाही. केतन कॅमेरा बघून सिनेमातल्यासारखं हसायचा. चाळीस फोटो फुकट गेले. घड्याळात सव्वाचार. सुचिता घामानं निथळलेली, मी देवाला नवस बोलतेय, नि येसू शेवटी खेकसली, "हसतोस काय माकडासारा? वाजव!"

त्यानं मान खाली घातली नि वाजवलं. बोटं पट्ट्यांवर पळायला लागली. कॅमेरा दोनदा वाजला, नि सुचिता म्हणाली, "झालं."

फोटोच्या कोपऱ्यात येसूच्या लुगड्याचा हिरवा काठ आला होता. सुचितानं तो कापला नाही. पाचला वीस मिनिटं असताना सातही फोटो गेले.

मेळा झाला. पोरं नाचून आली, सोबत मेळ्याचं पुस्तक घेऊन आली. सुचितानं पान उघडलं. सात बारके गोल, नि गोलात नुसती तोंडं. गळ्यापाशी कापलेली! ताशा नाही, बेंजो नाही, हात नाहीत. वाद्यासकट पाहिजेत म्हणून नाचणारे हेच! पुढच्या कामासाठी तिनं फोन लावला, तर यंदा फोटोचा विचार नाही म्हणाले. तिनं पुस्तक तांदळाच्या डब्यावर आपटलं. विनेश हळूच म्हणाला, "मग चिकनवाल्याला बोलवू?"

दोन दिवस शटर अर्धं खाली होतं.

तिसऱ्या दिवशी येसू वाकून आत आली. केतनचा मोठा फोटो न्यायला आली होती, पण हातात प्लास्टिकच्या पिशवीत आणखी एक होता. बोटीवर चारपाच जण दोर ओढतायत, सदा अर्धा पाठमोरा, पण हात लख्ख दिसतायत. येसूनं त्या अर्ध्या बोटावर बोट ठेवलं.

"कोट काढ," ती म्हणाली. "ह्ये ठेव."

सुचितानं शटर पूर्ण वर सारलं नि विनेशला हाक मारली. "पुढच्या शिमग्यापर्यंत मी कुठं जाणार नाही. तोवर नाही चाललं तर बघू."

"वर्षानं काय बदलनार हाय?" विनेशनं विचारलं.

तिनं माझा ताशावाला फोटो मोठा करून काचेत लावला, अगदी रस्त्यावरून दिसेल असा. तोंड वासलेलं, काड्या उगारलेल्या, दोन्ही हात ठसठशीत. खाली फोटो काढल्याची तारीख घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही बोललात ना आई, एकटा बसला तो वर्षात जातो? आता तुम्हीच फेडा. वर्षभर जगून दाखवा. लोक आपोआप येतील."

आता येणारी-जाणारी प्रत्येक बाई काचेतली तारीख वाचते नि मग आत डोकावून मला बघते. मी नुसती खोकले तरी सुचिता काढा घेऊन धावते. काल मासळीच्या टोपलीला हात लावला, तर विनेश ओरडला. गोड बंद, उन्हात जाणं बंद, वाळवणावरच्या गप्पा तर कधीच्या बंद. शिमग्याला अजून सात महिने आहेत, नि कंटाळा आला म्हणून मरायचीसुद्धा सोय राहिली नाही.