टाचणीमावशीची तारीख

टाचणीमावशीच्या डाव्या बाहीला कायम टाचण्या टोचलेल्या असतात. ओळखीची माणसं तिला उजव्या बाजूने भेटतात. नवखा माणूस डावीकडून जातो, आणि एकदाच जातो.

तिचं आणि काकांचं फ्रेमचं दुकान आहे. काका लाकूड आणि काच कापतात, मावशी जोडते. दाराशेजारच्या भिंतीवर बुचाचा एक मोठा फळा आहे. आमच्या भागातल्या चित्रकारांचं सगळं जग त्यावर टाचलेलं असतं. कुणाचं प्रदर्शन लागलंय, कुठे कामं मागवली आहेत, कुठल्या शाळेला चित्रकला शिकवणारं माणूस हवंय, कोण घर बदलतंय आणि त्याचं चित्र टेकवायचं लाकडी घोडं फुकट न्यायला कोणी येईल का. मावशी हे गोळा करते, स्वतःच्या अक्षरात लिहिते आणि दर सोमवारी टाचते. मग फळ्याचा फोटो सगळ्यांना पाठवते. या कामावर तिला कुणी नेमलेलं नाही.

"माणूस चित्र टेबलावर ठेवतो आणि बोलायला लागतो," ती मला म्हणाली होती. "मी काय करू? कानात भुसा घालू?"

मी साहित्यात पदवी घेतली आहे. त्या दुकानात शिरले ती फळ्यावरचं एक वाक्य वाचून. 'नदीवाल्याने या वर्षी नदीत पाणी दाखवलं आहे. बघून या.' अशी बातमी मी कुठे वाचली नव्हती. तेव्हापासून मी तिथे जाते. काका मला 'पदवीधर' म्हणतात. "पदवीधर, बाजूला हो, काच आहे."

फळ्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मावशीने लिहिलेली शेवटची तारीख खरी नसायची. ती दोन-तीन दिवस अलीकडची असायची.

"यांना शेवटची तारीख म्हणजे कामाला सुरुवात करायची तारीख वाटते," ती म्हणायची. "खरी सांगितली तर ओलं चित्र घेऊन दारात उभे राहतील."

सुरुवातीला ही युक्ती चालली. मग चित्रकारांना कळलं. ते मनातल्या मनात दोन-तीन दिवस मिळवू लागले. त्यांना कळलंय हे मावशीलाही कळलं. तरी तिने सवय सोडली नाही. त्यामुळे खऱ्या शेवटच्या दिवशी दुकानात जत्रा भरायची. सगळी चित्रं ओली. सगळ्यांना फ्रेम आत्ता हवी. काका ओरडायचे, मावशी जोडत सुटायची, आणि कामं वेळेत पोचायची. या गोंधळाला आमच्याकडे पद्धत म्हणतात.

या वर्षी गोष्ट मोठी होती. मोठ्या शहरातल्या कलादालनात दर वर्षी निरनिराळ्या भागांतल्या चित्रकारांना खोल्या देतात. आम्हाला कधी मिळाली नव्हती. मावशी कितीतरी वर्षं तिथे जाऊन बसायची. एकदा मी सोबत होते. दालनाचे प्रमुख सभ्य गृहस्थ होते. मावशी म्हणाली, "आमच्याकडे चित्रकार आहेत." ते म्हणाले, "असतील हो. पण दिसत नाहीत."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "दिसत नाहीत म्हणे."

शेवटी खोली मिळाली. अट एकच. आमच्या गावच्या सभागृहात ठरल्या दिवशी पाचपर्यंत खोली भरेल एवढी कामं जमा व्हायला हवीत. नाही झाली, तर खोली दुसऱ्यांना. मग पुन्हा कोण देणार?

नेमकं त्याच सुमारास मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्या सोमवारी फळा सूनबाईने लिहिला. सूनबाई बँकेत आहे. तिने अक्षर सुवाच्य काढलं, समासही सोडला, आणि कलादालनाने सांगितलेली तारीख जशीच्या तशी लिहिली. माणूस खरं लिहितो तसं.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी मी मावशीला बघायला गेले. घर दुकानाच्या वरच आहे. ती खाटेवर बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. माझ्याशी बोलता बोलता थांबली.

"खाली काय चाललंय?"

"काही नाही."

"तेच म्हणते मी. ठोकाठोकी ऐकू येत नाही. आज कशी येत नाही?"

तिने काकांना हाक मारली. "अहो, किती जण आलेत?"

"कोणी नाही. निवांत आहे," काका खालून म्हणाले. आवाजात सुख होतं.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "सुनेने तारीख कुठली लिहिली गं?"

मी सांगितली. माझं वाक्य पुरं होण्याआधी ती उभी राहिली होती.

तिने पहिला फोन नद्या रंगवणाऱ्या त्या नदीवाल्याला लावला. तो स्पीकरवर होता.

"मावशी, डोळा कसा आहे? चित्र होतंय. परवा आणतो."

"आज शेवटचा दिवस आहे."

तो हसला. "तुझी तारीख ना ती? आम्हाला नको शिकवू."

"माझी नाही रे बाबा. सुनेची आहे. सुनेची तारीख खरी असते."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

सगळीकडे हेच. भूमितीचे निवृत्त सर चौकोनांशिवाय काही रंगवत नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यभर मुलांना वेळेवर वही द्या म्हणून सांगितलं." दातांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडते ती मुलगी ठसे कापून चित्रं छापते. तिला आम्ही ठसेवाली म्हणतो. ती म्हणाली, "मावशी, खुर्चीवर पेशंट आहे," आणि फोन ठेवून निघाली.

मी सूनबाईला बँकेत फोन केला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "सभागृहाच्या कारकुनाचा नंबर दे."

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "आमच्याकडे शटर अर्धं खाली आलं तरी आत आलेल्या माणसाचं काम करावं लागतं. मी त्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, पाचच्या आधी रांगेत जो उभा, त्याचं काम घेऊ. मी निघालेय. आईंना सांग, चित्रकार आधी पाठवा. चित्रं मागून येऊ देत."

मावशीने ते ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असूया पाहिली. "हे मला कसं सुचलं नाही?"

मग जे झालं ते मी आजवर नीट सांगू शकलेले नाही. चित्रकार धापा टाकत दुकानात आले, चित्रं ठेवून रिकाम्या हातांनी सभागृहाकडे पळाले. कोरलेल्या पट्ट्या, काच, सोनेरी कडा यांना वेळच नव्हता. काकांनी कोपऱ्यातला साध्या फिक्या लाकडाचा गठ्ठा ओढला. "जे असेल ते. आज सगळे सारखे."

डॉक्टरांनी मावशीला वाकायला मनाई केली होती. ती खाली दुकानात उतरली, पण वाकली नाही. उंच स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसली आणि मी तिच्यासमोर पट्ट्या डोळ्याच्या पातळीवर धरल्या. तिने खिळे ठोकायला सांगितले, मी ठोकले.

"अगं, एका डोळ्याने कसं जमायचं तुला?" काका म्हणाले.

"सरळ रेष बघायला तुम्ही तरी दोन डोळे वापरता का? एक मिटताच ना. माझा आयताच मिटलाय."

काका हसले आणि त्यांची करवत थांबली. "थांबू नका," ती म्हणाली.

रिक्षावाला दुकान ते सभागृह फेऱ्या मारत होता. एका फेरीला मी सोबत गेले. रांग दारातून बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. सगळे रंगाचे हात घेऊन उभे. सर पुढे, मागे नदीवाला, एका पायात चप्पल. सूनबाई खिडकीपाशी होती. कारकून तिला विचारत होता, "बाई, पण यांची चित्रं कुठायत?"

"येतायत."

"चित्रांशिवाय रांग?"

"साहेब, तुम्हीच म्हणालात, रांगेत जो उभा. उभे आहेत. घाम बघा."

कारकुनाने रांगेकडे पाहिलं. मग शेजारची खुर्ची सूनबाईकडे सरकवली. "बसा तुम्ही तरी."

पाच वाजले. सगळी रांग आत घेऊन दार अर्धं लोटलं गेलं. आतल्या माणसांकडे एकेक चित्र हातोहात पोचत राहिलं. कारकून प्रत्येक चित्र घेताना म्हणत होता, "अहो, ओलं आहे हे." आणि प्रत्येक जण उत्तर देत होता, "कडेला धरा."

शेवटचं चित्र ठसेवालीचं होतं. तिने ते घेतलं, कारकुनाला दिलं आणि पायरीवर बसली. मी दुकानात परतले तेव्हा मावशी त्याच स्टुलावर होती. मी म्हणाले, "सगळी." तिने मान हलवली आणि बाहीतली एक टाचणी काढून परत नीट टोचली.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. मावशीची पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. आमची खोली आतल्या बाजूला होती. दारावर आमच्या भागाचं नाव मोठ्या अक्षरांत. आत चारही भिंती भरलेल्या. एकही खिळा रिकामा नव्हता.

एक बाई बराच वेळ फिरत होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "बाकी खोल्यांत नुसत्या फ्रेमा दिसतात. इथे चित्रं दिसतात. सगळ्यांना एकच साधं लाकूड, किती विचारपूर्वक केलंय."

"हो," काका गंभीरपणे म्हणाले. "फार विचार करावा लागला."

सूनबाईने तोंडावर रुमाल धरला.

दालनाचे प्रमुख मावशीजवळ आले. म्हणाले, खोली पुढच्या वर्षीही तुमची. ती चष्म्यामागून भिंतींकडे बघत होती. मला वाटलं आता ती ते जुनं 'दिसत नाहीत' त्यांना परत करेल. तिने केलं नाही. "नदीवाल्याचं बघितलंत का?" तिने विचारलं आणि हाताला धरून त्यांना तिकडे घेऊन गेली. उजवीकडून की डावीकडून, ते मी पाहिलं नाही. पण ते एकदा दचकले.

आता फळ्यावर तारीख सूनबाई लिहिते. बाकीचं मावशी. फोटो गेला की हमखास कुणीतरी विचारतं, "मावशीची की सूनबाईची?" आणि सूनबाई फक्त 'खरी' एवढं उत्तर पाठवते.

परवा मी दुकानात होते. पुढच्या वर्षीच्या खोलीची तारीख नुकतीच लागली होती. अजून भरपूर अवकाश होता. नदीवाला आला. काखेत चित्र. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि, कधी नाही ते, काही बोलला नाही.

मावशीने चित्राच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. मग बोट खिडकीतल्या उजेडात धरलं आणि दोन्ही डोळ्यांनी निरखून पाहिलं. बोट स्वच्छ होतं, रंगाचा ठिपकाही नाही.

"अहो," तिने काकांना हाक मारली. "जरा बाहेर या. हे बघायला हवं."