रेखाच्या इंटरव्ह्यूतल्या सात टाळ्या

माजलगावच्या मोंढ्यात, एका आडतीच्या वर, माझा इंग्रजीचा क्लास आहे. येणाऱ्या सगळ्या नर्स, आणि सगळ्या घाबरलेल्या. घाबरलेली माणसं एकत्र बसली की किस्से जमवावे लागत नाहीत हो, आपोआप साठतात!

माझी पद्धत सोपी. लांब शब्दाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला टाळी, आणि जोर असेल तिथे पाय आपटायचा. ए-मर्-जन्-सी! दुसऱ्याला धाडकन!

एकदा खालचे आडतवाले शेठ वर आले. डोक्यावर छताची माती.

"सर, एवढाले शब्द कावून शिकवता? बारके न्हाईत का?"

*

रेखा आमची सगळ्यात भित्री. दवाखान्यात एका आजोबांचं बीपी बघता बघता सराव करत होती. "हाय... पर... टेन..." आणि पाय आपटला!

आजोबा ताडकन उठून बसले. "बाई, काय झालंय ते एकदाच सांग! तुकड्यातुकड्यानं लई भ्या वाटतंय!"

पुन्हा बीपी घेतलं, तर वाढलेलं.

*

मी तरी कुठला शूर! डॉक्टरांनी मला एन्डोस्कोपी सांगितली, तेव्हा घाम फुटला.

"घाबरलात का?"

म्हटलं, "नाही हो, जोर दुसऱ्या तुकड्यावर आहे."

*

आणि रेखाचा इंटरव्ह्यू. परदेशातल्या दवाखान्याची नोकरी, दोनदा हुकलेली, आणि वयात बसायची ही शेवटचीच वेळ. क्लासातच लॅपटॉप लावला. मी कोपऱ्यात. दिंद्रुडहून आलेले तिचे वडील दाराबाहेर.

पडद्यावरच्या मॅडमनी भरभर काहीतरी विचारलं. त्यातला एक शब्द रेखाला लागेना. ती पांढरी पडली, पण इंग्रजीत धीर करून म्हणाली, "मॅडम, प्लीज, टाळ्या वाजवून सांगता का?"

मॅडम हसल्या, आणि खरंच वाजवल्या! कॉन्-फि-डेन्-शि-ॲल्-इ-टी. सात टाळ्या! रेखाचा चेहरा उजळला. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे ती नीट सांगू लागली.

बाहेर वडिलांना फक्त टाळ्या ऐकू आल्या. ते तडक पेढे आणायला गेले.

इंटरव्ह्यू चालू असतानाच दार उघडलं. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत रेखाच्या तोंडात पेढा! दुसरा त्यांनी पडद्यासमोर धरला. "मॅडम, तोंड गोड करा! लई उपकार झाले!"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे सेलिब्रेशन कशाचं?"

रेखानं वडिलांकडे पाहिलं. पेढा गिळला.

"माय जॉब, मॅडम."