फ्रिजमधला अंधार

कनेरगाव नाक्यावर एस.टी. थांबली, तेव्हा मी तिपाई पोटाशी धरून उतरले. कंडक्टरने विचारलं, "मोजणीला आल्या का ताई?"

"हो, आभाळाच्या," मी म्हणाले. त्याला पटलं नाही, पण त्याने बॅग मात्र जपून खाली दिली.

नाशिकला मी औषधांच्या दुकानात काम करते. गेल्या वर्षी जुना कॅमेरा विकत घेतला आणि देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या शेजारच्या आकाशगंगेचा, फोटो काढायचं खूळ डोक्यात बसलं. लाखो वर्षं प्रवास करून आलेला तो उजेड नाशिकच्या दिव्यांत बुडून जातो. म्हणून हिवाळ्यात मामाची वस्ती गाठली.

नाक्यापासून वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंना तूर उभी, मधेमधे हरभरा. मामाने आधीच घरोघर फिरून अंगणातले दिवे बंद करायला सांगून ठेवलं होतं. फक्त शेजारचे किसनराव अडून बसले. त्यांच्या हरभऱ्यात रोही (नीलगाय) घुसू नये म्हणून रात्रभर लुकलुकणारा दिवा असे.

"साहेबराव, तुमच्या शब्दावर बंद करतो," ते मामाला म्हणाले. "आज अंधारात मीच बसतो राखणीला. पण फोटो दावा बरं!"

"उद्या सांजच्याला विहारापुढं दावतो," मामा बोलून गेला.

मामाने दिलेला शब्द कधी मोडलेला नाही. माझ्या जिवावर त्याने दिलेला हा पहिलाच शब्द होता, आणि मी अजून एकही धड फोटो काढलेला नव्हता.

दिवेलागणीला दिवे लागलेच नाहीत. असं आभाळ मी लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. एकाच फोटोत दीर्घिका उमटत नाही. थोड्या थोड्या सेकंदांचे ढीगभर फोटो काढून संगणकात एकावर एक रचावे लागतात. शिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे खोटे ठिपके त्यातून वजा करावे लागतात. तागडीत आपण आधी रिकामं भांडं तोलतो, तसंच हे. त्यासाठी झाकण लावून, तेवढ्याच थंडीत, निव्वळ अंधाराचे फोटो घ्यायचे. सेन्सर गरम झाला की ठिपके वाढतात, म्हणून थंडी सारखी हवी.

दीर्घिकेचे फोटो झाल्यावर मी झाकण लावलं, कॅमेरा ओट्यावर चालू ठेवला आणि आत जेवायला बसले. सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी, भाकर आणि ठेचा. विजयी सेनापतीसारखी जेवले मी!

सकाळी लॅपटॉपवर सगळं रचलं आणि माझा चेहरा उतरला. दीर्घिका आली होती, पण तिच्या अंगावर तीळ सांडावेत तसे काळे ठिपके पडले होते. वजाबाकी जास्तीची झाली होती, म्हणजे अंधाराचे फोटो घेताना कॅमेरा तापला होता.

"मामी, रात्री कॅमेऱ्याला कोणी हात लावला?"

"म्या लावला," मामी म्हणाली. "भाहीर गारठून राहिला होता बिचारा. वाकळीत (गोधडीत) गुंडाळून चुलीपाशी ठिवला. काहून, बिघडला का?"

माझ्या यंत्राला तिने लेकरासारखी ऊब दिली होती. रागवू तरी कशी? पण बाहेर ऊन चढत होतं, आणि रात्रीची थंडी यायच्या आत लोक विहारापुढे जमणार होते.

"दिवसा थंडी कुठे मिळेल, मामा?"

मामाने मोटारसायकल काढली ती थेट नाक्यावरच्या ढाब्यापुढे थांबवली आणि थंड बाटल्यांच्या फ्रिजकडे बोट दाखवलं.

ढाबेवाला बुचकळ्यात पडला. "ह्याच्यात कॅमेरा? काहून? फोटो कशाचा काढून राहिल्या?"

"अंधाराचा."

"मंग दार लावतो. कोणी उघडू नका रे!"

ओल लागू नये म्हणून मी कॅमेरा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधला आणि बाटल्यांमध्ये ठेवला. गिऱ्हाइकांना कोमट सरबत प्यावं लागलं, पण कुणी कुरकुरलं नाही. दोघे-तिघे तर फ्रिजसमोर खुर्च्या टाकूनच बसले. प्रत्येक फोटोत कॅमेरा आपलं तापमान नोंदवतो, म्हणून रात्रीच्या थंडीशी जुळणारे तेवढे मी निवडले. वस्तीवर परत येऊन पुन्हा वजाबाकी केली, पुन्हा रचलं. ठिपके गेले. मधला पिवळसर उजेड आणि त्याभोवतीचे अंधूक पट्टे पडद्यावर उमटले, तेव्हा मी ओरडलेच. मामी चुलीपासून धावत आली.

संध्याकाळी विहारापुढे पोतं अंथरलं. सगळ्यांत शेवटी किसनराव आले, रात्रभराच्या जागरणाने डोळे लाल झालेले. लॅपटॉपपुढे ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

"हे आपल्या रानावरचंच?"

"तुमच्या हरभऱ्याच्या बराबर वर," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि मामाकडे वळले. "साहेबराव, आजबी दिवा बंदच ठिवतो. घरच्यांना आणतो, उघड्या डोळ्यांनी कुठं दिसते ते दावा."

मामाने टोपी काढून पुन्हा नीट घातली. मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो लपवायची मला गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसले. खरं तर त्या फोटोत कच्चेपणा भरपूर आहे. कडेचे तारे लांबट आलेत, रंगही फिकेच आहेत. नाशिकचे जाणकार चुका काढतील, खुशाल काढोत. एका वस्तीने त्यासाठी आपला उजेड सोडला होता, आणि तो वाया गेला नव्हता. समोरची अनोळखी बाई मघापासून माझ्या तिपाईकडे पाहत होती.

"आभाळाचा फोटो काढला म्हणतात ते तूच का वं माय?"

मी पाठ ताठ केली. "व्हय, मीच."