आधी लिहू तर दे की!

लातूरला कोचिंग क्लासच्या हापिसात मी शिपाई होतो. लोक म्हणत्यात, "बापू, येवढे किस्से आणता कुठून?" अरे, आणाया कशाला पायजेत? चपलेवर धूळ बसती तसे बसत्यात! त्यात हापिसात कॉम्प्युटर आला, मंग तर विचारूच नका.

*

भूकंपानंतर काही वर्सांत क्लासला ही गर्दी! देगलूर, बिलोली, कुठून कुठून पोरं. फॉर्म मशीनवर भरायचे. पर मशीनची खोड लई वंगाळ. बोट लागलं की पडद्यावर मधीच लाल पाटी अन् ट्यँव!

चाकूरच्या पाटलाच्या पोराला सत्त्याऐंशी टक्के. फॉर्म भरणाऱ्या म्याडमनं आठ दाबला, लगेच पाटी: "नापास! प्रवेश नाही!"

पाटलानं पोराच्या कानाखाली जाळ काढला. "मला खोटा कागद दावला व्हय रे?"

म्याडम वरडली, "अहो, सात तर दाबू द्या!"

पोराचा गाल लाल, पाटीबी लाल. माफी कुणीच मागितली न्हाई!

*

त्यो प्रोग्राम लिवणारा साहेब नांदेडचा. त्याला बोलावलं तर म्हणतो, "काका, मशीन बरोबर हाय. माणसंच हळू लिवत्यात."

असं व्हय? दिवसभर मी त्याच्या मागंच!

"काका, जरा पा..."

"चूक! शब्द अपुरा!"

"अहो, पाणी..."

"चूक! वाक्य अपुरं!"

दुपारपर्यंत घसा कोरडा. शेवटी किंचाळला, "मला पुरतं बोलू तर द्या!"

"हाव. म्याडमबी त्येच म्हणून राहिली!"

संध्याकाळपर्यंत मशीन सुधारलं. आता लिवणाऱ्याचा हात थांबला, की मंगच पाटी. अन् पाटी यायच्या आत चूक दुरुस्त केली तर पाटी रद्द.

मशीन शिकलं. क्लासचे मालक, आमचे सर, शिकले न्हाईत.

*

प्रवेशाचा शेवटचा दिस. सरांचा नियम: पाचला मी घंटा वाजवली की मशीन बंद, मंग देव आला तरी जागा न्हाई. पाचला पाच कमी अन् भूकंपाच्या पट्ट्यातली एक पोरगी आली, संगं आई. एकच जागा राहिलेली.

समदं भरलं. 'वडिलांचा व्यवसाय' आला अन् पोरीनं आईकडं बघितलं. आई म्हणली, "भूकंपात गेले."

सर म्हणाले, "मयत लिवा अन् आटपा!"

म्याडमनं लिवलं. हात थांबला. ट्यँव! "असा व्यवसाय नाही!"

पोरगी म्हणली, "बरोबर बोललं की. त्यो काय धंदा हाय का, सर?"

सरांनी घड्याळ बघितलं. "बापू, पाच झाले. घंटा!"

घंटा माझ्या हातात, हातोडी माझ्या हातात. म्हणलं, "सर, फॉर्म अपुरा हाय. हात थांबू द्या, मंग वाजवतो."

"बापू!!"

"चूक! वाक्य अपुरं!"

तवर पोरीनं कीबोर्ड आपल्याकडं वढला. 'मयत' पुसलं अन् एकेक अक्षर हुडकत, एका बोटानं लिवलं: शेतकरी.

हात उचलला. समदे पाटीची वाट बघून राहिले. एक श्वास. दोन श्वास. पाच श्वास. पाटी न्हाई.

पोरगी मशीनच्या तोंडाजवळ वाकली.

"आता बोल की!"