आप्पांना चिकट रबर पाहिजे होतं

खेळाच्या सामानाच्या दुकानात सगळ्यात जास्त काय साठतं, सांगा बघू? ट्रॅकसूट? चूक! ट्रॅकसूट निदान मंडळाची पोरं गठ्ठ्यानं उचलतात. साठतात ते किस्से. गिऱ्हाईक येतं, वस्तू नेतं आणि जाताना किस्सा ठेवून जातं. वस्तू परत आणून देणारे ढीग बघितले, पण किस्सा परत न्यायला आजवर कुणी आलेलं नाही. कोल्हापुरात बावीस वर्षं हे दुकान चालवतोय. क्रिकेटच्या बॅटीनं घर चालवलं, पैलवानांच्या लंगोटानं नाव दिलं, पण किस्से दिले ते एका खणानं. चिकट रबराच्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबल टेनिसच्या बॅटला दोन्ही अंगांनी रबर लावतात. त्यात एक जात असते चिकट. बॅट उलटी धरली तरी चेंडू क्षणभर तिला वटवाघळासारखा लटकून राहतो. हे रबर चेंडूला पकडून गरगर फिरवतं. त्याला म्हणायचं स्पिन. संपलं शास्त्र. दहावी नापास माणसाला कळलं, तुम्हालाही कळेल.

मी हौसेनं पाटी लावली, "चिकट रबर मिळेल." पहिल्याच दिवशी दोन गिऱ्हाइकं. एकाला चपलेचा तळ चिकटवायचा होता. दुसऱ्या मावशी.

"उंदराचं चिकट पॅड द्या की एक."

"मावशी, हे बॅटचं हाय. ह्याला चेंडू चिकटतोय."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "चेंडू धरून काय करू? आमचं जोंधळं काय चेंडू खातोय व्हय?"

पाटी उतरवली.

* * *

आमचं एक टोळकं आहे. एका तालमीच्या वरच्या मजल्यावर सकाळी सहाला जमतं. खाली लाल माती, वर टेबल. खालून शड्डूचा आवाज येतो, वरून टकटक. खालच्या पोरांना वाटतं वर म्हातारी माणसं टाइपरायटिंग शिकतात.

टोळक्याचे मुख्य म्हणजे आप्पा. एकेकाळचे पैलवान, आता चौसष्ट. मागच्या साली छातीत दुखलं, डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा बसवल्या आणि मटण बंद केलं. स्प्रिंगांबद्दल आप्पांनी आजवर तक्रार केलेली नाही, मटणाबद्दल रोज.

घरात डॉक्टरांचा हुकूम चालवायचं काम सूनबाईकडं. शुभांगी. बँकेत नोकरी, आणि कॉलेजात असताना विद्यापीठाकडून टेबल टेनिस खेळलेली. आप्पांना रोज चालायला सांगितलं होतं. आप्पा कळंब्याच्या तलावापर्यंत रिक्षानं जायचे, चहा प्यायचे आणि रिक्षानं परत. हे उघडकीला आल्यावर शुभांगीनं सौदा मांडला.

"आप्पा, रोज सकाळी तालमीवर माझ्याशी खेळायचं. ज्या रविवारी माझ्याकडून एक गेम घ्याल, त्या रविवारी घरात मटण. मी स्वतः करणार. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी बघते."

आप्पा खूश! पोरीबरोबर खेळायचं, त्यात काय! पहिली गेम हरले अकरा-शून्य. दुसरी अकरा-एक, आणि तो एक तिला शिंक आली म्हणून.

त्याच दिवशी आप्पा दुकानात. "शेठ, तिच्या रबरात कायतरी हाय. मला त्येच्यापेक्षा चिकट दे."

शुभांगीचं रबर माझ्याच दुकानातलं. सगळ्यात साधं, चार वर्षं जुनं, पार गुळगुळीत झालेलं. मी बोललो नाही. धंद्यात खरं बोलावं, पण गिऱ्हाइकानं विचारल्यावर.

* * *

रबर दाखवायला काढलं की प्रत्येक माणूस एकच गोष्ट करतो. त्यावर अंगठा दाबतो! आप्पांनी दाबला. पाठोपाठ आमच्यातल्या बबनरावांनी दाबला, आणि ते तर भजी खात आले होते. चिकट रबराला तेल लागलं की त्याचा चिकटपणा गेलाच म्हणून समजा. शेवटी मी कागदावर लिहून लावलं, "रबराला अंगठा लावू नये."

बबनरावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि दुखावले. "शेठ, आमास्नी सही येती की!"

* * *

रबर कुठलं घ्यायचं यावर कुलकर्णी सरांचा सल्ला घ्यायचा असतो. सर आमच्याच टोळक्यातले, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. स्पिनवरचे झाडून सगळे व्हिडिओ बघितलेले. रबराखालचा स्पंज किती कडक, किती जाड, चेंडू किती वेळ टेकतो, सगळं वहीत. त्या वहीच्या जोरावर त्यांनी स्वतःसाठी रबर निवडायला पावसाळा घालवला. मग एका सकाळी पहिली सर्व्हिस केली. चेंडू सरळ नेटमध्ये.

सरांनी वही उघडून बघितली. सर म्हणाले, "बरोबर आहे. थिअरीप्रमाणे तो तिथंच जायला हवा होता."

अशा माणसाच्या सल्ल्यानं आप्पांनी चिकट रबर घेतलं. कडक स्पंजाचं. "कडकच पायजे," आप्पा म्हणाले, "मऊ रबरानं का मटण मिळतंय?"

* * *

तीन आठवडे आप्पा त्या रबरानं खेळले. रोज हरले, पण रोज कौतुक. "काय स्पिन हाय! चेंडू नुसता नागासारखा वळतोय!" आम्हाला कुणाला वळताना दिसला नाही. म्हटलं, नाग आहे, ज्याला दिसायचा त्याला दिसतो.

एका सकाळी मी त्यांची बॅट सहज हातात घेतली. उजेडात धरली. कोपऱ्याला नख लावलं आणि ओढलं. सर्रकन पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद निघून हातात आला! नव्या रबरावर धूळ बसू नये म्हणून कंपनी लावते तो. खेळायच्या आधी काढायचा असतो.

आप्पा त्या कागदाकडं बघत राहिले. "म्हंजे तीन आठवडं मी पिशवीनं खेळलो?"

"तसंच म्हणायचं."

शुभांगी भिंतीकडं तोंड करून उभी. खांदे हलत होते.

आप्पांनी छाती काढली. "चला, आता बघू! आता खरं रबर!" पहिला फटका छताला. दुसरा खिडकीतून खाली आखाड्यात. तिसरा कुलकर्णी सरांच्या चष्म्यावर. दहा मिनिटांनी आप्पा घामाघूम होऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले,

"शेठ, त्यो कागद टाकला न्हाईस न्हवं? परत लाव."

* * *

चिकट रबरानं चेंडू ढकलायचा नसतो, घासून वर काढायचा असतो. हे कुलकर्णी सरांनी आप्पांना आकृती काढून सांगितलं. आप्पांना आकृती कळली नाही.

"घासायचं म्हंजे? भांडं घासत्यात तसं?"

"अगदी तसंच समजा."

आप्पांनी चार-पाचदा घासून बघितलं. कधी बॅट टेबलाला घासली, कधी बोटं. शुभांगी पलीकडून म्हणाली, "आप्पा, घरात कधी एक पातेलं घासलं असतं, तर आज मटण मिळालं असतं!"

दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या घरची भांडी आप्पा घासायला लागले. सराव म्हणून. शुभांगीच्या सासूबाईंनी मला निरोप पाठवला, "भावजी, असली अजून रबरं ठेवा. शेजारच्यांना पायजे हायत."

* * *

आता बबनराव. यांची गुळाची अडत आहे. मराठीत 'चिकट' या शब्दाचे दोन अर्थ का आहेत, हे बबनरावांना भेटल्यावर कळतं. त्यांचं रबर जुनं होऊन काचेसारखं झालं होतं. मी म्हटलं नवं घ्या. ते म्हणाले, "चिकटपणाच पायजे न्हवं? त्यो आमच्या घरचाच हाय."

मला वाटलं, माणूस पहिल्यांदाच स्वतःबद्दल खरं बोलला. पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. दुसऱ्या दिवशी रबराला काकवी फासून आले! बोटानं, नीट, पातळ थर. उसाच्या रसाची घट्ट काकवी ती.

पहिलीच सर्व्हिस. चेंडू बॅटवर टेकला आणि तिथंच राहिला. बबनरावांनी बॅट झटकली. चेंडू तसाच. परत झटकली. बॅट सुटून कोपऱ्यात गेली, चेंडूसकट.

शुभांगी म्हणाली, "बबनकाका, सर्व्हिस करा, प्रसाद वाटू नका."

कुलकर्णी सर नियम सांगायला लागले, रबराला बाहेरचा पदार्थ लावता येत नाही वगैरे. तोवर बबनराव खेळायचं सोडून चेंडू धुऊन आणायला गेले. परत येईपर्यंत बॅटवर मुंग्यांची रांग. टेबलावर रांग. सरांच्या वहीवर रांग.

बबनरावांनी मुंग्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"शेठ, हे गॅरंटीत बसतंय का?"

* * *

मधल्या काळात आप्पा दुकानात बसूनच असायचे. चिकट रबरावर त्यांचा आता अभ्यास झाला होता. एकदा कबनूरचे एक पावणं आले, यंत्रमागवाले. मुलीसाठी बॅट हवी होती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "पावणं, स्पिन पायजे का स्पीड?"

"स्पिनिंग आमच्यात न्हाय," पावणं म्हणाले. "सूत आमी बाहेरनं आणतोय. आमचं काम निस्तं विणायचं."

"तसं नव्हे. हे चिकट रबर हाय, चेंडू गरगर फिरतोय."

"फिरू दे की. पर धागा तुटाय नको."

मी हात टेकले. आप्पा उठले, पावण्यांच्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "पावणं, ह्येच्यात धागा न्हाय. ह्येच्यात मटण हाय."

पावणं साधी बॅट घेऊन गेले. घाईनं.

* * *

चार महिने झाले. आप्पा अकरा-तीनवरून अकरा-पाचवर आले, मग अकरा-सातवर. तालमीचा जिना चढताना दोनदा थांबायचे, ते थांबायचे बंद झाले. पँटला पट्टा लागायला लागला. या सगळ्याचं श्रेय कुणाला? रबराला! डॉक्टरांनाही म्हणाले, "तुमच्या स्प्रिंगा बऱ्या हायत, पर रबर चांगलं निघालं."

आणि मग तो रविवार आला.

पंच म्हणून टेबलाच्या कडेला मी उभा. आप्पांनी त्या दिवशी काय खाल्लं होतं देव जाणे; म्हणजे मटण नक्कीच नव्हतं. आठ-आठ. नऊ-नऊ. मग आप्पांनी असा एक चेंडू घासून काढला, की तो टेबलावर पडून शुभांगीच्या बॅटखालून निघून गेला. दहा-नऊ! बबनराव उठून उभे राहिले. सरांनी वही मिटली. आमच्यापैकी कुणी त्या घरात जेवायला नव्हतं, तरी सगळ्यांच्या तोंडाला पाणी.

सर्व्हिस आप्पांची. दोन-चार फटके झाले आणि आप्पांनी जोरात मारला. चेंडू पलीकडच्या कडेपाशी गेला आणि खाली.

"लागला!" शुभांगी ओरडली. "कडेला लागला! आप्पा, जिंकलात!"

"न्हाय लागला," आप्पा म्हणाले. "भाईर गेला."

"अहो लागला, मी इथं उभी हाय!"

"मी पैलवान हाय. पाठ टेकली का न्हाय ते मला लांबनं कळतंय. न्हाय लागला."

"आप्पा, लागला म्हणते ना!"

"पोरी, मला भिकंचं मटण नको!"

बावीस वर्षांत पॉइंटसाठी भांडणारे शेकडो बघितले. आपला पॉइंट दुसऱ्याच्या गळ्यात मारायला भांडणारे हे दोघंच! दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. खरं सांगू? मी बबनरावांकडं बघत होतो. मला काही दिसलंच नव्हतं. आणि दोन्ही गिऱ्हाइकं माझीच.

"ठरत न्हाय," मी म्हटलं. "पॉइंट परत."

आप्पांनी हात पँटला पुसला. सर्व्हिस केली. साधीच. शुभांगीनं बॅट लावली आणि चेंडू नेटमध्ये गेला.

अकरा-नऊ.

कुणी टाळी वाजवली नाही. आप्पा नेटजवळ गेले, चेंडू उचलला, सुनेकडं बघितलं. "मुद्दाम घातलास व्हय?"

"लई फिरला, आप्पा," ती घाम पुसत म्हणाली.

आप्पा माझ्याकडं वळले. "शेठ, फिरला?"

रबर मीच विकलं होतं. "फिरला की!" मी म्हटलं.

सोमवारी दुकान उघडतोय तोवर आप्पा पायरीवर हजर. मी म्हटलं, "काय आप्पा, हाणलं का?"

"हाणलं."

"कसं झालतं?"

"अळणी."

"म्हणजे?"

"मिठाचा खडा न्हाय त्यात. इचारलं, तर म्हणतीया, आप्पा, आपलं मटणाचं ठरलं हुतं. मिठाचं कुठं ठरलं हुतं?"

"मग? आता?"

आप्पांनी चेंडूंची डबी उचलून काखेत मारली.

"आता काय? पुढची गेम मिठाची हाय."