ओवाळणीत मागितलेलं इंजिन

वडिलांनी, म्हणजे दाजींनी, सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून राजदूतची थ्री-फिफ्टी मोटरसायकल घेतली होती. दोन सिलिंडरांची, टू-स्ट्रोक; सुटली की पनवेलच्या नाक्यावर माना वळायच्या. दाजी गेले. घर, शेत, विहीर सगळ्याची वाटणी झाली, पण गाडीवरून दोघे भाऊ हटेनात. शेवटी पंचांसमक्ष पाने-पकडी आणून तिचे दोन भाग केले! इंजिन थोरल्या शिवाला, सांगाडा आणि चाकं धाकट्या आनंदाला. कुणाचं काही अडलं होतं म्हणावं, तर तेही नाही, नुसता हट्ट. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

बहीण रंभा त्याच दिवशी हक्कसोडपत्रावर सही करून, साडीचोळी घेऊन सासरी परतली. दाजींनी मिठागराच्या बांधावर गाडी शिकवली होती ती तिला, भावांच्या आधी. पण बहिणीनं मागायचं नसतं, म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला पुढे फार राग येत राहिला.

आता कर्नाळ्याजवळ हायवेवर तिची खानावळ आहे. पंचावन्नाव्या वर्षी तिनं ठरवलं, दाजींची गाडी पुन्हा उभी करायची. परेश मेकॅनिक म्हणाला, "मावशी, बाजारातून दुसरं इंजिन आणू." रंभा म्हणाली, "बाप दुसरा आणशील काय? कागदावरचा नंबर जुळला पायजे, तेच पायजे."

भाऊबीजेला दोघे भाऊ तिच्याकडे यायचे, पण एक सकाळी आणि एक दुपारी, म्हणजे समोरासमोर नको. सकाळी शिवा जासईहून आला. रंभानं ओवाळलं. त्यानं तबकात पाकीट ठेवलं, तिनं ते परत त्याच्या खिशात कोंबलं.

"मला इंजिन दे, दादा."

"अगं, गंजून गेलंय ते."

"गंजलेलंच दे. सही करताना मी काय मागितलं नाय. आता मागते."

ओवाळणीत मागितलेलं नाही म्हणता येत नाही. शिवाचा चेहरा पडला, पण टेम्पोतून इंजिन आलं.

दुपारी तिनं सांगाडा मागितला, तसा आनंदा हसला. "सांगाडा घेऊन काय त्याच्यावर पापड वाळत घालणार?"

"इंजिन सकाळीच आलंय," रंभा म्हणाली. आनंदाचं हसू तिथेच थांबलं, आणि संध्याकाळी सांगाडाही आला.

खरी वणवण पुढेच होती. खाडीच्या खाऱ्या हवेनं दोन्ही पिस्टन सिलिंडरात चिकटून बसलेले. रंभा मोबाईलवरच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपात शिरली. तिथे सगळे पुरुष समजून तिला 'भाई' म्हणत, आणि तीही कुणाला दुरुस्त करत बसली नाही. एकानं अस्सल म्हणून नकली पिस्टन पाठवले. परेशनं मापून बघितले, तशी रंभानं त्या माणसाचं दुकान गाठलं आणि गिऱ्हाइकांदेखत त्याला असा सोलला, की त्यानं मुकाट्यानं पैसे परत केले. खरे पिस्टन कोल्हापूरला रेसच्या गाड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे निघाले. तो विकायला तयार नव्हता. रंभानं त्याच्याच चुलीवर बोंबलाचं कालवण रांधलं. जेवून उठल्यावर त्यानं कपाट उघडलं. कार्ब्युरेटर कुर्ल्याच्या भंगारात सापडला. डावं साइड कव्हर काही मिळेना, तेव्हा ते तिनं पत्र्याचं ठोकून घेतलं. दाजींनी असंच केलं असतं, याची तिला खात्री होती.

पुढच्या भाऊबीजेला तिनं दोघांना एकाच वेळी बोलावलं, एकमेकांचं न सांगता. अंगणात गाडी उभी. दोघे दोन कोपऱ्यांत, तोंडं फिरवून. रंभानं पदर खोचला आणि किक मारली. काही नाही. परेशनं चोक ओढला. पुन्हा मारली, आणि निळा धूर सोडत ती जुनी खणखण सगळ्या अंगणात भरली. शिवानं डोळ्यांना रुमाल लावला. आनंदा तर उघड रडला.

"चल, बस एकजण मागं," रंभा ओरडली. "कोण ते तुमीच बोलून ठरवा. मी नाय सांगणार."

 शेवटी शिवानं तोंड वळवलं.

"तू बस, आनंदा. धाकटा हायस."

"नाय दादा. आधी तू."

"सांगितलं ना, बस!"

"आयुष्यभर तुझंच ऐकायचं काय?"

आणि दोघे भांडायला लागले, अगदी पूर्वीसारखे. रंभानं थांबवलं नाही. ती सीटवर बसून नुसती ऐकत राहिली.